लाइट आल्यावरचं वाक्य

सिडको, औरंगाबाद
१७ एप्रिल २०१६

केयूर,

'प्रिय' मुद्दाम गाळलं आहे. फोन तू उचलत नाहीस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून कागदावर आले. बंगळूरचा पत्ता तौफिकने दिला. देताना म्हणाला, "ताई, मेरा नाम मत लेना, आफरीन मला लई बोलंल." घे, घेतलं नाव. बायकोला सांग, भावाला बोलू नकोस, त्याच्या दुकानात जाऊन मीच त्याच्या मानगुटीवर बसले होते.

कामाचं सांगते. बाबांचं बोलायचं यंत्र आता फार टिकणार नाही. डिस्क कुरकुरते, मधूनच अडते, आणि बाबा पडद्याकडे बघत बसतात. घशाच्या ऑपरेशनआधी भिंतीला गाद्या लावून तू त्यांच्याकडून शब्दामागून शब्द बोलून घेतलेस आणि स्वरयंत्र काढल्यावर त्यांच्याच आवाजात बोलणारा प्रोग्राम लिहून दिलास. तेव्हापासून या घरात बाबांचा आवाज म्हणजे तो जुना डबा. ते टाइप करतात, तो बोलतो. लाइट गेली आणि आली की डबा आपोआप चालू होऊन त्यांचं शेवटचं वाक्य परत म्हणतो, ही तुझी सोय. बोलणं अर्धवट तुटू नये म्हणून तू ती केलीस, आणि बाबा तिच्यावर अजून वैतागतात. एकदा चहा मागितला की दोनदा येतो.

तौफिकने एक बरं मशीन काढून ठेवलं आहे. पण नव्या तयार लिनक्स सिस्टीमवर तुझा प्रोग्राम चालत नाही. तो ज्या जुन्या भागांवर उभा आहे ते आता कोणी देत नाही. जुनी सीडी घातली तर ती नव्या मशीनला ओळखत नाही. म्हणजे उरली ती वाट, जी तू मागच्या दुष्काळात दिवाणखान्यात पाय पसरून धरली होतीस. लिनक्स तयार घ्यायचं नाही, मुळापासून एकेक भाग आपण बांधायचा. लागेल तिथे नवा, लागेल तिथे जुना. तेव्हा मी तुला वेडा म्हणाले होते. आज तेच वेड करावं का, असा विचार करते आहे.

सोपी वाट दुसरी आहे हे मला कळतं. प्रोग्रामचा सोर्स, तू लिहिलेला मूळ मजकूर, तुझ्याकडे आहे. तो मिळाला तर एका दुपारचं काम. पण बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं आहे की तुझ्याकडे काही मागायचं नाही. त्यामुळे मी मागत नाहीये. नीट वाच, मागत नाहीये. सल्ला विचारते आहे. सल्ल्याबद्दल वचनात काही नव्हतं.

बाबांच्या मनात अजून तेच आहे. तू आफरीनशी लग्न ठरवल्याचं सांगितलंस, त्यांनी तुझ्याच यंत्रावर टाइप केलं, "या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस." आपण ते त्यांच्या आवाजात ऐकलं. तू चपला घातल्यास, परत आत आलास, यंत्रापुढे बसलास, कसलीशी वायर लावलीस, काढलीस आणि एक अक्षर न बोलता गेलास. तेव्हापासून यंत्र जरा अडलं तरी बाबा म्हणतात, "तो जाताना काहीतरी करून गेला." मी वाद घालत नाही. काय केलंस ते मला तरी कुठे माहीत आहे?

तर सांग. करू की नको?

मृण्मयी

२९ एप्रिल

केयूर,

उत्तर मिळालं. तौफिकच्या फोनवर तू पाठवलेलं त्याने वाचून दाखवलं, आवाज खाली आणून, आपलंच काही चुकल्यासारखा. "बाबांना म्हणावं, स्वतः मागा. लगेच देतो. आणि ताईला सांग, मे महिन्यात बांधायला घेऊ नकोस. मशीन तापेल."

दोघं एकाच हाडाचे आहात. ते मागणार नाहीत, तू मागितल्याशिवाय देणार नाहीस, आणि मी मध्ये बसून पावसाची वाट बघायची. पाऊस येईपर्यंत डिस्क थांबणार आहे का? या घरात तुझ्याकडे एक शब्द टाकण्यापेक्षा अख्खी सिस्टीम बांधणं सोपं आहे. म्हणून मी बांधणार.

तापण्याचं तू बरोबर बोललास, तेवढं मान्य. भाग बांधायला लागला की डबा तासन्‌तास धापा टाकतो. कूलर लावला तरच तग धरेल. कूलरला पाणी लागतं, आणि पाणी म्हणशील तर जायकवाडी तळाला गेली आहे, नळ कधी येईल ते महापालिकेलाही सांगता येत नाही. बीड बायपासकडे शेतं होती तिथे इमारतीच इमारती झाल्यात, सगळे टँकर तिकडे पळतात. आपल्या गल्लीच्या वाट्याचा टँकर येतो तेव्हा येतो. चितेगावला आमच्या कंपनीचंही पाणी कापलं आहे, एक पाळी बंद, त्यामुळे मला घरी बसायला वेळच वेळ.

घरात कूलर एकच आणि तो बाबांचा. त्यांच्या गळ्याला जे छिद्र आहे त्याला कोरडी हवा सोसत नाही. दुपारी कूलर बंद राहिला तर ते असे खोकतात की मला स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. म्हणजे तुझ्या यंत्राला गार ठेवायचं का बाबांना, असा प्रश्न. मी तो बाबांपुढे ठेवला. यंत्र जवळ नसलं की ते पाटीवर लिहितात. त्यांनी पाटी घेतली. तहसील कचेरी सुटून एवढी वर्षं झाली तरी हाताला शेरे मारायची सवय आहेच. लिहिलं, "यंत्र माझ्या खोलीत आणावे. मंजूर." खाली सही.

पलंगाच्या पायथ्याशी टेबल लावलं. कूलर दोघांवर. कूलरमध्ये बादली ओतताना शेजारच्या केसरबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "लोकायला प्यायला पानी नाय अन् तू त्या डब्ब्याला पाजती व्हय गं?" मी म्हणाले, बाबांना पाजते आहे. दोन्ही खरं होतं.

मला भीती वाटते आहे. तू हे वाचून खूश होऊ नकोस.

मृण्मयी

८ मे

केयूर,

चालू आहे. जुने भाग बांधायला जुनीच हत्यारं लागतात आणि ती फक्त बाबांच्या डब्यात आहेत, म्हणून तौफिकची नवी डिस्क डब्यातच बसवली. डबा जुन्या डिस्कवर चालतो आणि नवं घर नव्या डिस्कवर बांधतो. आधी हत्यारं नव्या डिस्कवर घडवायची, मग त्या हत्यारांनी बाकीचं. पहिला टप्पा होत आला आहे. तुझ्याइतकी नाही, पण येते मला ही भाषा. कंपनीत मी नुसती प्रिंटरमधला अडकलेला कागद काढत नाही.

बाबांच्या आवाजाची एक प्रत मी आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवली आहे. वेंधळी समजू नकोस.

पडद्यावरून ओळी पळत असतात आणि बाबा पलंगावरून त्या वाचत बसतात. काही कळत नाही, पण नजर हलत नाही. ओळी थांबल्या की पाटीवर ठक्‌ठक करून मला बोलावतात. एकदा खरंच एक भाग अडला होता, तो त्यांच्यामुळे लगेच कळला. त्या दिवशी जेवताना स्वारी खुशीत होती.

डबा बांधकामात गुंतला की त्यांचा आवाज अडखळतो, म्हणून ते हल्ली कमीच बोलतात. काल मात्र मुद्दाम टाइप केलं. "त्याने हे एकट्याने केलं होतं?" मी हो म्हणाले. मग परत यंत्र बोललं. "मी तेव्हा म्हणालो होतो, रिकामे उद्योग." बस, एवढंच. मग लाइट गेली, आली, आणि डब्याने ते सगळ्यांना परत ऐकवलं. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं.

तुझं नाव अजून घेत नाहीत. 'तो' म्हणतात. पण 'तो' हल्ली रोज येतो.

मृण्मयी

१३ मे

केयूर,

सगळं नीट आहे. पाणी भरायचं आहे म्हणून पत्र लहान. बाबा बरे आहेत. उत्तर पाठवायची घाई नाही.

मृण्मयी

१८ मे

केयूर,

मागचं पत्र खोटं होतं. बाबांचा आवाज गेला. मी घालवला.

काय झालं ते सांगते, मध्ये रागावू नकोस. तुला माहीत आहे, नवा भाग बसवताना प्रत्येक वेळी डब्याला सांगून ठेवावं लागतं की सामान नव्या डिस्कवर ठेव. मशीन बंद पडलं की तो ते विसरतो, आणि परत सांगितलं नाही तर सामान आपल्याच पोटात भरतो, चालत्या सिस्टीमवर. लिनक्स बांधायच्या पुस्तकात हे ठळक अक्षरात लिहिलं आहे. मी ते वाचून बाबांना समजावूनही सांगितलं होतं.

मागच्या पत्राच्या आदल्या दुपारी लाइट गेली. आली आणि त्याच वेळी गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. मी पाईप घेऊन पळाले. तिथे भांडणं, ढकलाढकली, कोणीतरी माझा ड्रम मागे सारला, मी केसरबाईंवर सुद्धा ओरडले. ड्रम भरला, कूलर भरला, ओल्या हातांनीच येऊन बसले. कुठवर आलो होतो ते बघितलं आणि पुढची आज्ञा दिली. डिस्कचं सांगायचं राहिलं. सगळ्यात खालचा भाग होता, ज्याच्यावर बाकीचं सगळं उभं असतं. नवा अर्धवट भाग जुन्याच्या उरावर जाऊन बसला. डब्याने एक ओळ लिहिली आणि मग काहीच नाही.

तिथे मी हात जोडून थांबले असते तरी वाचलं असतं. पण मी घाबरले. बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद, पुन्हा चालू, आणि आधीच कुरकुरणारी ती डिस्क कायमची बसली. मग पेन ड्राइव्ह काढला. प्रत उतरताना डिस्क मध्येच अडली होती, निम्मेच आवाज आले होते. ते मी तपासलं नव्हतं. वेंधळी समजू नकोस असं मीच लिहिलं होतं ना तुला?

बाबा समोरच बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी पाटी माझ्या मांडीवर ठेवली. "जेवून घे."

ते एक अक्षर रागाचं बोलले नाहीत, म्हणजे त्यांनी लिहिलं नाही. त्यामुळे जास्त लागलं. मी वचन मोडून तुला पत्र लिहायला बसले, सोर्स मागायला. पण सोर्स घेऊन करू काय? प्रोग्रामला बोलायला आवाज कुठे आहेत? ते आवाज परत काढायला बाबांकडे घसा नाही. पत्र फाडलं आणि तुला ते खोटं पाठवलं.

तौफिकला सांगायला शहागंजला त्याच्या दुकानात गेले, कारण नवी डिस्क त्याची होती. त्याने ऐकलं, शटर अर्धं ओढलं आणि कपाटातून कपड्यात गुंडाळलेली एक डिस्क काढली. "केयूरभाईने निघताना माझ्याकडे ठेवली. बोले, ये मेरे बाबा की आवाज है, डब्बा कधी ना कधी बसणार, तब काम आयेगी. मी म्हटलं, तुझ्याकडं ठेव. तो बोलला, नको, माझ्याकडं असली तर मी रोज ऐकत बसंन."

म्हणजे तू तेव्हा ती वायर लावून हे करत होतास. तुला घराबाहेर काढलं, आणि तू चपला घालून परत आत आलास, तो बाबांचा आवाज वाचवायला.

दोन वर्षं मी गप्प बसून बाबांचं ऐकत होते. मला तुझी फार आठवण येते रे.

तौफिक डिस्क घेऊन माझ्याबरोबर घरी आला आणि दाराबाहेरूनच बाबांना हे सगळं सांगितलं. मी आत ये म्हणाले तरी येईना. बाबांनी पाटी बाजूला ठेवली. मग उठले, स्वतः माठातून तांब्या भरला आणि दारात नेऊन त्याच्या हातात दिला. तौफिक म्हणाला, "बाबा, पाण्याची तंगी चालू हाय, राहू द्या." बाबा हात पुढे करून उभेच राहिले. तेव्हा तो प्यायला.

तो गेल्यावर मी म्हणाले, आता तरी सोर्स मागते. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. आधी रागाने मागत नव्हते, आता लाजेने मागवत नाही, एवढं मला कळलं. पाटीवर लिहिलं, "तू सुरू केले आहेस ते पुरे कर." मी म्हणाले, माझ्या हातावर तुमचा विश्वास आहे? त्यांनी खाली सही केली.

नव्या डिस्कवर घडवलेली हत्यारं वाचली आहेत. तौफिकच्या मशीनवर तिथून पुढे जाता येईल. तुझी प्रत मी उघडलेली नाही. सगळं उभं राहिल्याशिवाय तिला हात लावणार नाही. मॉनिटरवर जाड अक्षरात कागद चिकटवला आहे, "आधी डिस्क सांग", आणि लाइट आली की बाबा पाटी ठोकून मला तो वाचायला लावतात.

मृण्मयी

५ जून

केयूर,

झालं. बोललं. पण कसं ते ऐक.

आज सकाळी शेवटचा भाग बसला. पहिल्यांदा चालू केलं तर पडदा काळा. दुसऱ्यांदा आवाजाची चिप सापडेना, ती एक ओळ दुरुस्त केली. मग हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला, तू हसशील, आणि तुझ्या प्रतीतून बाबांचे आवाज आणि प्रोग्राम नव्या डिस्कवर उतरवला. मोजून बघितलं, एकही कमी नव्हता. मूळ प्रत परत कपड्यात गुंडाळली. तौफिकला मोठ्या स्पीकरची वायर घेऊन बोलावलं होतं, तोवर मशीनचा छोटा स्पीकर होता. केसरबाईही आल्या, डब्ब्याला पानी पाजून काय झालं ते बघायला.

बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. कीबोर्डपुढे बसले, हात मांडीवर. मी चालू केलं. ओळी आल्या, गेल्या, तुझा प्रोग्राम उघडला. तौफिक वायर घेऊन दारात आला होता, एक पाय उंबऱ्याच्या आत होता, आणि यंत्र बोललं.

"या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस."

मला आधी समजलंच नाही. मग आठवलं. तुझी प्रत त्याच संध्याकाळची. त्या वेळचं शेवटचं वाक्य तिने धरून ठेवलं होतं आणि चालू होताच, तुझ्या सोयीप्रमाणे, परत म्हटलं. स्वच्छ, न अडखळता. माझं काम चोख झालं होतं, आणि मला ते उचलून गच्चीवरून फेकावंसं वाटलं.

तौफिकने पाय मागे घेतला. केसरबाई म्हणाल्या, "असं का बोलून राह्यलं हे?" बाबांकडे बघवत नव्हतं. ते वाक्य आपण आजवर आठवत होतो, त्यांनी ते बोलल्यापासून एकदाही ऐकलेलं नव्हतं. आज समोर बसून ऐकलं, परक्या माणसाने म्हटल्यासारखं. त्यांच्या गळ्यातून हवा नुसती सूं सूं करत होती. मी यंत्र बंद करायला पुढे झाले तर त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. मग हात सोडून टाइप करायला घेतलं, एका बोटाने.

"तौफिक, आत ये."

तो आला. बाबांनी पलंगावर जागा दाखवली, तो बसला. मग ते परत टाइप करायला लागले. लिहायचे, पुसायचे. मी पडदा वाचला नाही, खोटं नाही बोलत. शेवटी यंत्र बोललं.

"केयूर, चूक माझी. आफरीनला घेऊन घरी ये."

तिचं नाव जरा तुटक येतं, कारण ऑपरेशनआधी ते बाबांनी कधी उच्चारलं नव्हतं, यंत्राने तुकडे जोडून केलं. पण कळतं. तौफिकला कळलं. तो तोंडावर रुमाल धरून बसला. बाबा रडले, केयूर. त्यांना आवाज करून रडता येत नाही, ते बघणं फार कठीण असतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि मीही रडून घेतलं.

खरी गोष्ट यापुढे आहे. दुपारी जेवायच्या वेळी मी विचारलं, भाजी वाढू का? त्यांनी पाटी घेतली. "थोडी." चहाला पाटी. कूलर कमी करायला पाटी. मी म्हणाले, अहो बाबा, महिनाभर घाम गाळून मी हे उभं केलं ते कशाला? तर लिहिलं, "दुसरे बोललो तर ते पुसले जाईल."

ते वाक्य शेवटचं राहावं म्हणून ते यंत्रावर दुसरं काही बोलायलाच तयार नाहीत. कीबोर्डवर रुमाल घातला आहे आणि वर पाटी उभी केली आहे, "कोणीही हात लावू नये. आदेशावरून." यंत्र बंदही करू देत नाहीत. लाइट जाते, बाबा डोळे मिटून थांबतात. लाइट येते, आणि यंत्र तुला बोलावतं. भिंतीपलीकडे केसरबाई ऐकतात. संध्याकाळी विचारत होत्या, "आला का गं तुझा भाऊ? ते बिचारं सारखं बलावून राह्यलंय." तुझी ती सोय बाबांना आयुष्यात पहिल्यांदा आवडली आहे.

सोर्स आणायचा तर आण, नाही आणलास तरी चालेल, आता मी बांधलेलं आहे. आफरीनला सांग, पाण्याची काळजी करू नको, ड्रम भरलेला आहे आणि कूलर सगळ्यांना पुरेल. तौफिक स्टेशनवर घ्यायला येईल.

पण उशीर करू नका. पाटीवर किती दिवस काढायचे? मला बाबांशी बोलायचं आहे.

तुझी ताई